यात पक्षी कुठे आहे? ब्रांकुशीच्या ‘बर्ड इन स्पेस’विषयी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही रुमानियन शिल्पकार कॉन्स्तांतिन ब्रांकुशीच्या ‘बर्ड इन स्पेस’ (अवकाशातला पक्षी) या शिल्पमालिकेचे फोटो पाहिलेत. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी असे तीन पक्षी घेतले होते हेही वाचलंत. याच मालिकेतल्या एका संगमरवरी शिल्पाला २००५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे २ कोटी ७४ लाख डॉलर मिळाले, हे कळल्यावर तुम्ही चक्रावलात, कारण तुम्हाला त्यात चकाकणारी एक निमुळती दांडी दिसते. यात पक्षी कुठे आहे, आणि संग्राहक खरंच यावर जीव टाकतात की किंमत कळल्यावर आवडायला लागतं, असं तुम्ही विचारलंत. शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंत: एका तरुण शिल्पकाराचं हातभर उंचीचं ब्राँझचं अमूर्त शिल्प तुम्हाला आवडलंय, पण ‘हे काय आहे?’ असं घरी कुणी विचारलं तर सांगता येणार नाही, म्हणून घ्यायला मन धजत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. जे समजावून सांगता येत नाही ते आवडलं, तर त्या आवडीवर भरवसा ठेवायचा का? ब्रांकुशीचा पक्षी याचं उत्तर द्यायला फार सोयीचा आहे, कारण हाच प्रश्न त्याच्या बाबतीत एकदा चक्क कोर्टात गेला होता. त्याकडे येतोच.

आधी माझी बाजू सांगतो. मी लहान शिल्पं जमवतो, तीही बहुतेक हयात आणि फारसं नाव न झालेल्या शिल्पकारांची. ब्रांकुशी माझ्या ऐपतीतला नाही, कुणाच्याच फारसा नाही. त्याचे पक्षी मी संग्रहालयांतच पाहिले, आणि सर्वांत जास्त वेळ न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मधल्या १९२८ च्या ब्राँझपाशी काढला. तो जेमतेम १३७ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाएवढा. फोटोत तो मिनारासारखा वाटतो. तुम्ही फक्त फोटो पाहिले असतील तर ‘दांडी’ या तुमच्या शब्दाला मी दोष देणार नाही. ते शिल्प कुठे उभं आहे, उजेड कुठून येतो, धातूचं आहे की दगडाचं, यावर खूप काही अवलंबून असतं. तेव्हा पुढचं सगळं प्रत्यक्ष पाहण्याबद्दल आहे असं धरा.

आता घडण. खाली पायाशी थोडा पसरट भाग. त्यावर एकदम आवळलेली जागा, तिला आपण मान म्हणू. मानेपासून आकार हळूहळू भरत जातो, वर पुन्हा निमुळता होतो आणि टोकाला एक तिरकी छाट आहे. एवढंच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हे लेथवर फिरवून काढलं असणार. पण शिल्पाभोवती अर्धा फेरा मारलात तरी कळतं की ते शक्य नाही. समोरून जो आकार समतोल वाटतो तो बाजूने पाहिल्यावर एका अंगाला जास्त भरलेला आणि किंचित ताणलेला दिसतो. लेथवरची वस्तू सगळीकडून सारखीच दिसते, हा पक्षी प्रत्येक पावलाला वेगळा दिसतो.

मग येते झिलई. ब्रांकुशी ओतकाम ओतशाळेतून करून घ्यायचा, पण तिथून आलेलं ओतीव शिल्प त्याच्या लेखी कच्चा माल असायचं. त्यानंतर तो स्वतः कानस आणि पॉलिश घेऊन बसायचा, आणि त्यामुळे ब्राँझचे पक्षीही एकमेकांच्या तंतोतंत प्रती नाहीत. आरशासारख्या पॉलिशचा परिणाम नुसता चमकण्यावर थांबत नाही. तुम्ही चालू लागलात की उजेडाची एक रेघ मानेपासून टोकापर्यंत सरकते. खोली, खिडकी, तुम्ही स्वतः, सगळं त्यात ताणलं जाऊन वर ओढल्यासारखं दिसतं. धातूच्या कडा आजूबाजूच्या प्रतिबिंबांत हरवतात, आणि एवढा जड गोळा कुठे संपतो हे क्षणभर सांगता येत नाही. पिसं किंवा पंख न दाखवता उडणं दाखवायचं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. हेच संगमरवरात पाहिलंत तर अनुभव उलटा होतो. दगड उजेड परत फेकत नाही, थोडा आत घेतो. कड स्पष्ट राहते आणि लक्ष पृष्ठभागावरून सगळं बाह्यरेषेवर जातं.

ब्रांकुशीला याची पूर्ण जाण होती. इतरांनी काढलेले आपल्या शिल्पांचे फोटो त्याला पटेनात, म्हणून तो स्वतःच फोटो काढायला लागला आणि त्यात छायाचित्रकार मॅन रेची मदत घेतली. त्याच्या काही फोटोंत ब्राँझवर उजेड असा फुटलाय की नवख्या माणसाला ती चूक वाटेल. ती मुद्दाम आहे. हे फोटो मिळाले तर पाहा. सूचीपत्रांतल्या गुळगुळीत फोटोंपेक्षा त्यांतून जास्त कळतं.

आता ‘पक्षी कुठे आहे’. याचं उत्तर एका शिल्पात शोधलंत तर सापडणार नाही, मालिकेत सापडतं. १९१० ते १२ च्या सुमारास ब्रांकुशीने ‘मायास्त्रा’ केली. रुमानियन लोककथांतला हा एक मायावी पक्षी. त्या संगमरवरी पक्ष्याला मान आहे, भरलेली छाती आहे, उघडी चोच आहे. तो पक्षी आहे हे सांगायला कुणाची गरज नाही. १९२० च्या आसपासच्या ‘गोल्डन बर्ड’मध्ये अंग लांबट झालं आणि तपशील गळाले. १९२३ मध्ये पहिला ‘बर्ड इन स्पेस’ आला, तो संगमरवराचा. तिथून पुढे जवळजवळ दोन दशकं तो हाच आकार पुन्हा पुन्हा करत राहिला: सात संगमरवरात, नऊ ब्राँझमध्ये. हे सगळे फोटो एका ओळीत लावून पाहा. पाय आक्रसत जाऊन शेवटी त्या पसरट तळाएवढे उरतात, छाती फुगवट्यात मुरते, आणि मायास्त्राची उघडी चोच? माझ्या मते तीच टोकावरची तिरकी छाट झाली आहे. तो आकार वर नुसता टोकदार करून सोडला असता तर भाल्याचं पातं झालं असतं. छाटीमुळे त्याला तोंड आहे, दिशा आहे.

म्हणजे पक्षी काढून टाकलेला नाही. एकेक गोष्ट काढत गेल्यावर कुठे थांबायचं, हे ठरवायला त्या माणसाने आयुष्याची दोन-तीन दशकं घातली. संग्राहक ज्यावर जीव टाकतो तो हा ‘कुठे थांबायचं’चा निर्णय असतो. मान अजून बारीक केली असती तर मोडल्यासारखी दिसली असती, जाड ठेवली असती तर सगळा भार जमिनीवर बसला असता. दोन पक्ष्यांमधला फरक बोटाच्या पेरापेक्षा कमी असेल, पण त्यापायी उडणं येतं किंवा जातं. हे एकदा दिसायला लागलं की ‘दांडी’ पुन्हा दिसत नाही. निदान मला तरी नाही.

आता कोर्ट. ऑक्टोबर १९२६ मध्ये ब्रांकुशीची शिल्पं प्रदर्शनासाठी बोटीने न्यूयॉर्कला गेली. सोबत फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ होता. त्यातला एक ब्राँझचा पक्षी छायाचित्रकार एडवर्ड स्टाइकेनने विकत घेतलेला होता. अमेरिकेत मूळ कलाकृतींवर आयात शुल्क नव्हतं. पण कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना ही कलाकृती वाटेना. त्यांनी ती स्वयंपाकाची भांडी आणि इस्पितळी साहित्य ज्यात येतं त्या गटात टाकली आणि ४० टक्के शुल्क लावलं. यावर हसण्याआधी त्यांची बाजूही पाहायला हवी. १९१६ च्या एका निकालानुसार शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूंचं, मुख्यतः माणसाच्या देहाचं, कोरून किंवा ओतून केलेलं अनुकरण. त्या व्याख्येत हा पक्षी खरंच बसत नव्हता.

‘ब्रांकुशी विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा खटला १९२७ मध्ये उभा राहिला. न्यायाधीशांनी स्टाइकेनला विचारलं, की हा जंगलात दिसला असता तर तुम्ही त्यावर गोळी झाडली नसती ना? तो नाही म्हणाला. शिल्पकार जेकब एपस्टाइन साक्षीला आला तेव्हा त्याने सोबत प्राचीन इजिप्तमधला एक दगडी बहिरी ससाणा आणला होता. त्यालाही पिसं नव्हती, आणि त्याला शिल्प म्हणायला कुणाची हरकत नव्हती. चांगला कारागीर असं पॉलिश करू शकणार नाही का, असं त्याला विचारलं गेलं. त्याचं म्हणणं असं, की पॉलिश करेल, पण ही वस्तू त्याला सुचणार नाही. ‘असं तर कुणीही घडवेल’ म्हणणाऱ्याला याहून बरं उत्तर अजून मला सापडलेलं नाही.

नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला, आणि तो का लागला ते तुमच्या कामाचं आहे. ‘नीट पाहिलं तर पक्षी दिसतो’ असं कोर्टाने म्हटलं नाही. उलट पक्ष्याशी याचा संबंध जोडणं अवघड आहे, हे न्यायमूर्ती वेट यांनी मान्य केलं. पण निसर्गातल्या वस्तूंची नक्कल करण्याऐवजी अमूर्त कल्पना मांडणारी एक नवी कलाशैली पुढे आली आहे, ही वस्तू एका व्यावसायिक शिल्पकाराने मूळ घडवलेली आहे, तिचा दुसरा कुठलाही उपयोग नाही आणि ती पाहायला सुखद आहे, एवढं त्यांना पुरेसं वाटलं. तुमचा पहिला प्रश्न कोर्टाने तसाच बाजूला ठेवला. घरी उत्तर देताना तुम्हीही ठेवू शकता.

होळकरांचं प्रकरण मला याहूनही आवडतं. ही १९३० च्या दशकातली गोष्ट, यशवंतराव तेव्हा पंचविशीच्या आसपासचे होते. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून अगदी आधुनिक पद्धतीने उभा करवला होता. आँरी-पिएर रोशे या फ्रेंच लेखकाने त्यांची ब्रांकुशीशी गाठ घालून दिली आणि त्यांनी तीन पक्षी घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. एकाच आकाराचे तीन कशाला, असं कुणालाही वाटेल. वर झिलई आणि दगडाबद्दल जे म्हटलं ते आठवलं की कोडं सुटतं. एक उजेड परत फेकतो, एक गिळतो, एक धरून ठेवतो. तिन्ही एकत्र, मध्ये पाणी असलेल्या एका छोट्या मंदिरात ठेवायचे अशी योजना होती. त्यासाठी ब्रांकुशी १९३७ च्या अखेरीस इंदूरला येऊनही गेला. ते मंदिर झालं नाही. काळा आणि पांढरा पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, १९७३ साली खरेदी केलेले. ब्राँझचा कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. म्हणजे ज्यांनी एकत्र राहायचं ते पॅसिफिकच्या दोन काठांवर गेले. पुढे माणिकबागेत केंद्रीय उत्पादन शुल्क आणि कस्टम्सचं कार्यालय आलं. न्यूयॉर्कचा खटला ज्याला ठाऊक आहे त्याला यावर हसू आवरणं कठीण आहे.

मंदिर झालं नाही तरी संग्राहक म्हणून होळकरांची ती खरेदी मला फार शहाणपणाची वाटते. त्यांनी नाव विकत घेतलं नाही. एका आकाराचा पदार्थ बदलला तर काय होतं, हा प्रश्न विकत घेतला.

किमतीबद्दल लांबण लावत नाही. सोळाच्या आसपास पक्षी, त्यातले बहुतेक संग्रहालयांत कायमचे गेलेले. क्वचित एखादा बाजारात आला की आकडा चढणारच. तो आकडा टंचाईबद्दल सांगतो, तुम्हाला काय आवडावं याबद्दल काही सांगत नाही. किंमत कळल्यावर प्रेमात पडणारे संग्राहक असतात का? भरपूर असतात. त्यांच्याशी बोलताना पाच मिनिटांत ओळखू येतं: ते शिल्पाच्या मागच्या बाजूबद्दल कधीच काही बोलत नाहीत.

आता तुमच्या शिल्पाकडे वळू. मी ते पाहिलेलं नाही, त्यामुळे घ्या किंवा घेऊ नका असं सांगणार नाही. पण मी स्वतः काय करतो ते सांगतो.

सर्वांत आधी पूर्ण फेरा मारतो. कच्च्या अमूर्त शिल्पाला एक चांगली बाजू असते, आणि दालनात ती बरोबर दाराकडे केलेली असते. मागून ते नुसतंच उरलेलं दिसतं. पक्क्या कामात मागची बाजूही ठरवलेली असते. शांत असेल, साधी असेल, पण ठरवलेली.

मग जिथे एक पृष्ठभाग संपून दुसरा सुरू होतो त्या जागा बघतो. काठ तीक्ष्ण असेल तर तो शेवटपर्यंत तीक्ष्ण आहे का? गोलाई असेल तर ती मधेच डगमगते का? पॉलिश केलेल्या ब्राँझसाठी यावर एक सोपी युक्ती आहे. खिडकीची चौकट किंवा ट्यूबलाइट, म्हणजे एखादी सरळ रेघ, त्यात प्रतिबिंबित होऊ द्या आणि हळूहळू सरका. प्रतिबिंब वाकेल, ताणेल, ते चालतं. पण ते थरथरलं, मधेच गचका खाल्ला, तर तिथे कानस कमी-जास्त चालली आहे. हातालाही जे कळत नाही ते ही रेघ सांगते. मॅट किंवा पॅटिना (धातूवर मुद्दाम आणलेला रंगाचा थर) केलेल्या शिल्पाला हे लागू नाही. तिथे बाजूने तिरपा उजेड पाडून सावल्या कशा पडतात ते बघा.

बैठक विसरू नका. ब्रांकुशी आपल्या शिल्पांच्या बैठका स्वतः घडवायचा: दगडाचा दंडगोल, त्याखाली फुलीच्या आकाराचा चुनखडक, कधी लाकडाचा ठोकळा. फोटोत त्या बहुतेकदा कापल्या जातात, पण प्रत्यक्षात खालच्या खरबरीत, जड थरांमुळेच वरचा गुळगुळीत आकार सुटल्यासारखा वाटतो. तुमच्या शिल्पाला शिल्पकाराने स्वतः बैठक दिली आहे की दालनाने काळा ग्रॅनाइट चिकटवलाय, हे विचारा. दुसरं असेल तर शिल्पकाराशी बोला. माझ्या अनुभवात त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी असतं आणि ते फार महाग नसतं.

आणि एक गोष्ट जी मी प्रत्येक खरेदीआधी करतो: घरी येऊन आठवणीने बाह्यरेषा काढतो, मग परत जाऊन ताडून बघतो. चित्र चांगलं यायची गरज नाही. जिथे चुकतं ती जागा महत्त्वाची. ‘बर्ड इन स्पेस’ आठवून काढायला सांगितलं तर बहुतेक जण मान हवी त्यापेक्षा जाड काढतात. एवढी बारीक मान वरचा सगळा भार पेलेल यावर मन विश्वासच ठेवत नाही, आणि शिल्पाची सगळी जादू नेमकी तिथे असते. तुमच्या शिल्पाची रेघ पहिल्याच झटक्यात बिनचूक आली, कुठेच अडखळला नाहीत, तर ते महिनाभरात भिंतीच्या रंगासारखं दिसेनासं होण्याची शक्यता आहे. चुकलात, परत गेलात, आणि तरी ती जागा पूर्ण हाती लागली नाही, तर तुमची आवड खरी आहे असं मी म्हणेन.

घरी काय सांगायचं? ‘हे काय आहे’ला ‘हे काय करतं’ने उत्तर द्या. ‘भार वर आहे, खाली बारीक आहे, तरी पडत नाही, सकाळी वेगळं दिसतं, दिवे लावले की वेगळं.’ एवढं तुम्ही न अडखळता सांगू शकलात तर घरच्यांना बाकीचं त्यांचं त्यांना दिसू लागेल. नाही दिसलं तरी बिघडत नाही. एका घरातल्या सगळ्यांना एकच शिल्प आवडलंच पाहिजे असा नियम नाही.

थोडं व्यवहाराचं. ब्राँझ असेल तर एकूण किती प्रती काढल्या जाणार आहेत आणि तुमची कितवी, हे लेखी घ्या. शिल्पावर सही आणि प्रतीचा क्रमांक असतो, तो कागदाशी जुळवा. ओतकाम कुठे झालं, पॉलिश शिल्पकाराने केलं की ओतशाळेने, पृष्ठभागावर लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) आहे की मेण, हेही विचारा. उघड्या पॉलिशवर बोटांचे ठसे काही दिवसांत काळपट उमटतात, कारण घामातले क्षार आणि आम्लं तांब्याला धरतात. उचलताना स्वच्छ सुती हातमोजे घाला. भांडी घासायच्या पावडरी आणि धातूची पॉलिशं अजिबात नकोत. दर खेपेला ती धातूचा सूक्ष्म थर खरवडून नेतात, आणि ज्या कडांसाठी तुम्ही पैसे मोजलेत त्या आधी बोथट होतात. आठवड्याला मऊ कोरड्या कापडाने धूळ झटकली की पुरे. लॅकर उडायला लागलं तर स्वतः काही करू नका, शिल्पकाराकडेच द्या.

तो तरुण शिल्पकार ओळखीचा असेल तर शिल्प पंधरा दिवस घरी ठेवायला मिळेल का, असं सरळ विचारा. बरेच जण आनंदाने देतात, फार तर थोडी अनामत मागतील. ते मधोमध मिरवायला ठेवू नका. रोज येता-जाता बाजूने दिसेल आणि दिवसातून एकदा तरी खिडकीचा उजेड पडेल अशी जागा द्या, आणि ठेवण्याआधी टेबल हलत नाही ना ते बघा. निमुळती शिल्पं वरून जड असतात.